दक्षिण अमेरिकेच्या पाठीवर

“पाहाचं तं पूरं पाहा. चोरून कायले पाहता?”

तन्वी आणि ओम, हे वाक्य मी आर्णीच्या आमच्या शाळेत दर जूनमध्ये ऐकत असे. पाचवीच्या नव्या मुली व्हरांड्यात घोळक्याने उभ्या राहून आमच्या शिपाईबाईच्या पायाकडे बघायच्या, आणि तिने मान वळवली की एकदम छताकडे बघायच्या. मग ती थांबायची, साडी चांगली वीतभर वर उचलायची आणि पंगतीत दुसऱ्यांदा भात वाढताना करतात तशा आग्रहाने हे म्हणायची. मुली बघायच्या. दोन मिनिटांत त्यांचं बघून व्हायचं. पुढे वर्षभर कोणी त्या पायाचं नाव काढत नसे.

ती गेल्या वर्षी तुमच्याकडच्या थंडीत गेली. मी तेव्हा तुमच्याकडे मेलबर्नला होते, त्यामुळे शेवटचं भेटणं झालं नाही. मागच्या महिन्यात शाळेकडून निरोप आला की स्मरणिका काढायची आहे, जुन्या कर्मचाऱ्यांवर प्रत्येकी दहा ओळी आणि एक पासपोर्ट फोटो हवा. मी तिच्यावर दहा ओळी लिहिल्या. प्रामाणिक, कष्टाळू, मनमिळाऊ. दुसऱ्या दिवशी वाचल्या तेव्हा लक्षात आलं की हे कोणत्याही शाळेतल्या कोणत्याही शिपायाला चालेल. म्हणून आता तुमच्यासाठी सविस्तर लिहिते आहे. तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला हे इंग्रजीत लिहिणं सोपं होतं, आणि तुम्हाला वाचणंही. पण तिला इंग्रजीत बोलायला लावलं तर ती दुसरीच कोणी होईल. तेव्हा आईकडून वाचून घ्या.

नाव लिहीत नाही. एकदा शाळेच्या प्रदर्शनात तिने काढलेल्या एका चित्राखाली मी नावाची पट्टी लावायला गेले, तर तिने हात धरला. “नाव नको मॅडम. नाव आलं का आडनाव येते. आडनाव आलं का लोकं चित्र सोडून तेच वाचतात.” ती बौद्ध कुटुंबातली. आपण पिढ्यान्‌पिढ्या कचेऱ्यांत नोकऱ्या केलेले लोक. आपलं आडनाव वाचून कोणी क्षणभर थांबत नाही, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

आता तिचं चालणं. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला आणि डावा पाय बारीक राहिला. पाऊल टाकताना गुडघा दुमडू नये म्हणून ती डावा तळहात गुडघ्यावर दाबून धरायची. दाबायचं, पाऊल टाकायचं. दाबायचं, पाऊल टाकायचं. तिच्या प्रत्येक साडीचा रंग त्या एका जागी उडालेला असे. मी एकदा कुबडीचं सुचवलं होतं. ती म्हणाली, “एक हात गुडघ्याले, एक कुबडीले. मंग घंटा काय तुमी वाजवसान?”

तिच्या चित्रांचा शोध मला डेडस्टॉक रजिस्टरमुळे लागला. शाळेतल्या टेबल-खुर्च्यांपासून पृथ्वीच्या गोलापर्यंत सगळ्याची नोंद त्या वहीत असते, आणि दर वर्षी मुख्याध्यापिकेने ती वस्तूंशी ताडून बघायची असते. बऱ्याच शाळांत नुसती सही होते. मुख्याध्यापिका झाल्यावर मी मात्र प्रत्येक वस्तूला हात लावून खूण करत असे. त्या वर्षी नकाशांच्या खोलीत फाटके नकाशे बाजूला काढायचे होते. हे जुने नकाशे जाड कापडावर चिकटवलेले असत, वर आणि खाली लाकडी दांडी. आशिया उलगडला, उलटा करून पाहिला, तर मागच्या कापडावर एक बाई माझ्याकडे बघत होती.

चेहरा समोरून काढलेला. कान मोठे, ओठ घट्ट मिटलेले. पण पाय भलताच होता, आपण मान खाली घालून स्वतःच्या पायाकडे बघतो तसा, वरून दिसणारा. मी तिला बोलावलं.

“हे काय आहे?”

“मी आहो.”

“नकाशावर?”

“नकाशाच्या मांगं. तोंडाकून तो शाळेचा हाये मॅडम. पाठ कोनाचीच नव्हती.”

रागवायचं मी ठरवलं होतं, पण या वाक्याला रजिस्टरमध्ये रकाना नव्हता. मी आशिया, युरोप आणि आणखी पाच नकाशे निरुपयोगी म्हणून रीतसर निकालात काढले आणि तिला घेऊन जायला सांगितलं.

ती कुणाकडे शिकली नव्हती. रंग म्हणजे फळ्याला लावायचा उरलेला काळा, गेरू, कपड्यांची नीळ आणि खडूची भुकटी. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली कडुनिंबाची काडी. आरसा पोळपाटाएवढाही नव्हता. त्यात चेहरा बघून चेहरा काढायचा, मग आरसा सरकवून खांदा, मग हात. पाय मात्र तिने आरशात कधीच पाहिला नाही. “तो तं खाली पाह्यलं का दिसतेच.” म्हणून तिच्या प्रत्येक चित्रात चेहरा समोरून असतो आणि पाय वरून. आमच्या चित्रकलेच्या सरांनी प्रमाण चुकल्याचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पुढच्या चित्रात पाय आणखी मोठा काढला.

ती स्वतःलाच का काढते, हे मी एकदा विचारलं. दुसऱ्या दिवशी पिशवीतून पुतण्याच्या लग्नाचा अल्बम आणला. पानं उलटत बोट ठेवत गेली. “हे मी. हे मी. हे बी मीच.” पहिल्या फोटोत ती मागच्या रांगेत होती आणि तिच्या पुढे फुगीर फ्रॉक घातलेली एक मुलगी. दुसऱ्यात खुर्चीवर, आणि गुडघ्यासमोर एक लहान मूल. तिसऱ्यात तेच. घरात जेवढे फोटो निघाले तेवढ्यांत कोणी ना कोणी तिच्यापुढे एक लेकरू आणून उभं केलं होतं. कोणी तसं ठरवत नसे, फोटोवाला म्हणाला की आपोआप होत असे.

“अल्बम पाहून लोकाईले वाटन, या बाईनं लग्नात निस्ते लेकरंच सांभाळले,” ती हसत म्हणाली. मग अल्बम मिटून म्हणाली, “मॅडम, माहं एक चित्र घरी भितीवर लागलं पाहिजे. समोरच्या खोलीत. पूरं. पुढं कोनी नाही.”

घर भावाचं. तिथेच ती राहायची. भाऊ वाईट नव्हता. तिच्या पगारातून त्याने कधी मागितलं नाही, आणि तिचं ताट आधी वाढलं जाई. पण त्याची मुलगी लग्नाची होती. “बाई, सोयरे येतीन. भितीवर पाय पाह्यला तं म्हनतीन, घरान्यातच हाये.” ती आठ दिवस रोज विचारत राहिली, तेव्हा तो म्हणाला, “बरं, चांगली फ्रेम करून आन. मंग पाहू.”

दिवाळीच्या सुट्टीत तिने मोठं चित्र काढायला घेतलं. उरलेल्या नकाशांतून तिने दक्षिण अमेरिका निवडली.

“उभ्या मानसाले उभाच देश पाहिजे. अन हा माह्यासारखाच हाये पाहा, वर रुंद, खाली बारीक.”

“देश नाही, खंड आहे तो,” मी म्हटलं.

“असन.”

सुट्टी संपल्यावर तिने तो माझ्या घरी उलगडला. डोक्यापासून अंगठ्यापर्यंत ती. निळी साडी. डावा हात गुडघ्यावर दाबलेला, बोटांच्या पेरांवर खडूची पांढरी रेघ, म्हणजे किती जोर लावला आहे ते दिसावं. पाय गेरूचा, जाड काळ्या रेषेचा. मी चित्रांतली जाणकार नाही. पण त्या हाताकडे बघताना माझा स्वतःचा तळहात घट्ट झाला होता. मी म्हटलं, फ्रेम माझ्याकडून.

आता माझ्या चुकीचं लिहिते.

बसस्टँडजवळच्या फ्रेमवाल्याकडे मी दांड्या काढलेलं चित्र घेऊन गेले. म्हातारा गृहस्थ, हात कसबी. देवादिकांचे, नवरा-नवरीचे आणि वारलेल्यांचे फोटो, एवढाच त्याचा धंदा. चित्र बघून तो गंभीर झाला आणि हळू आवाजात म्हणाला, “खाली काय लिहू मॅडम? कै. का कालकथित?” बौद्ध कुटुंबांत गेलेल्या माणसाच्या नावाआधी कालकथित लिहितात, म्हणून त्याने अदबीने विचारून घेतलं होतं.

“अहो, त्या जिवंत आहेत!”

“मंग एवढी मोठी फ्रेम कायले?”

मला हसू आलं. त्या हसण्यातच पुढचं झालं. त्याने पट्टी लावून मापं घेतली आणि मान हलवली. एवढी लांब काच त्याच्याकडे येत नव्हती, यवतमाळहून मागवली तर वाटेत फुटते. “थोडं कापा लागीन. वरून कापू का खालून?”

मी म्हटलं, “खालून.”

विचार केला नाही असं म्हणू शकत नाही. क्षणभर केला. चेहरा मुख्य, असं मनात आलं. भावाचं म्हणणंही मनात आलं. नीट चौकटीत बसलेलं चित्र भिंतीवर लागेल, सगळ्यांचंच समाधान होईल. मी आयुष्यभर वह्यांना समास आखले आहेत. माझ्या दृष्टीने ती चांगली सोय होती.

ती फ्रेम बघायला माझ्या घरी आली. मी फ्रेमवर गुंडाळलेलं वर्तमानपत्र सोडलं. काचेत डोक्यापासून मांडीपर्यंत ती होती. डावा हात कोपराखाली संपला होता. तिने काचेची खालची कड बोटाने चाचपली. मग म्हणाली, “मॅडम, तुमी बी लेकरू उभं केलं.”

दुसऱ्या दिवशी घंटेजवळ मी विचारलं, भावाने लावली का फ्रेम? “लगेच लावली. समोरच्या खोलीत. लई खूश हाये तो.” आणि तू? तिने घड्याळाकडे पाहिलं. “टाइम झाला मॅडम,” म्हणाली आणि टोल दिला.

दोन महिने ती माझ्याशी अगदी व्यवस्थित वागली. हो मॅडम, आणते मॅडम. काडी-रंग बंद. पाहुणे येऊन भिंतीवरच्या त्या अर्ध्या बाईचं कौतुक करत, आणि तिला खालून ये-जा करावी लागे. जूनमध्ये येणारं ते वाक्य या वर्षी येईल का, अशी मला धास्ती वाटू लागली. शेवटी एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी फ्रेमवाल्याकडे गेले आणि कापलेली पट्टी मागितली.

तो ओशाळला. “मॅडम, कापड लई मजबूत होतं. मी ते दुसऱ्या फ्रेमच्या मांगं लावून देलं.”

“कोणत्या?”

“पतसंस्थेच्या अध्यक्षाईचा सत्काराचा फोटो.”

मी तडक शाळेत आले. ती वर्गांना कुलपं लावत होती. तिला सांगितलं. तिने किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला. “चला.”

आम्ही दोघी ऑटोने पतसंस्थेत गेलो. व्यवस्थापक माझ्या विद्यार्थिनीचा नवरा निघाला, त्यामुळे खुर्च्या मिळाल्या. भिंतीवर अध्यक्ष शाल-श्रीफळ घेऊन उभे होते. फोटो उतरवायचा म्हटल्यावर व्यवस्थापकाला घाम फुटला. “मॅडम, त्यांना विचारावं लागेल. बाहेरगावी आहेत ते.”

तिने खुर्चीवर बसूनच हात वर केला. “साहेब, तुमी निस्ता पलटवून दाखवा. बाकी मी पाहते.”

त्याने स्टुलावर चढून फोटो उलटा केला. मागे, चारी बाजूंनी बारीक खिळ्यांत, आडवं पडलेलं गेरूचं पाऊल, नडगी, गुडघा आणि त्यावर दाबलेला हात. तिथल्या दोन्ही कारकुनांनी उठून पाहिलं. आणि दोन महिन्यांनी ती हसली, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “पाहा साहेब, तुमचे अध्यक्ष इतके दिवस माह्या पायावर उभे होते!”

व्यवस्थापकही हसला. मग स्क्रू-ड्रायव्हर आला, खिळे निघाले आणि अध्यक्षांच्या पाठीशी मागच्या वर्षीचं कॅलेंडर बसवलं गेलं.

यवतमाळला उत्तम रफू करणारा आहे, सांधा दिसणारसुद्धा नाही, असं मी सुचवलं. तिने ऐकलं नाही. “दिसू द्या. कापलं ते बी झालंच ना.” तिने गोणी शिवायचं दाभण आणि काळा जाड दोरा घेतला आणि माझ्या पडवीत बसून दोन भाग जोडले. टाके बोटभर लांब, मुद्दाम. फ्रेमवाल्याने कडा सरळ करताना चांगलं दोन बोटं कापड वाया घालवलं होतं, त्यामुळे धडधाकट पायही आखूड झाला. तिने लांबून बघून सांगितलं, “बरं झालं. आता दोन्ही सारखे.” फ्रेम नको म्हणाली. नकाशाच्या जुन्या दांड्या पुन्हा लावल्या आणि घरी नेऊन त्याच खिळ्याला टांगलं.

भाऊ रागावला. पण खरा प्रश्न आला तो उन्हाळ्यात, पुतणीला बघायला उमरखेडकडचे पाहुणे यायचे होते त्या दिवशी. मी नुकतीच निवृत्त झाले होते. मॅडम असल्या तर बरं दिसतं, म्हणून भावाने मलाही बोलावलं होतं. मी पोचले तेव्हा दोघं बहीण-भाऊ चित्राखाली उभे होते.

“आजचा दिवस काढून ठेव ना बाई. लोकं दारात हायेत.”

“काढ ना. मंग त्या जागी मी खुर्ची टाकून बसते.”

भावाने चित्राकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. त्यातल्या त्यात काय बरं, हे तो मोजत होता. शेवटी म्हणाला, “राहू दे चित्र. तू आत राह्य.”

ती कबूल होऊन आत गेली. आत राहायचं ठरलं होतं, चहा कोणी आणायचा ते ठरलं नव्हतं. पोहे झाल्यावर ती एका हातात किटली आणि एक हात गुडघ्यावर, अशी बाहेर आली. मुलाची आई समोरच बसली होती. ठसठशीत, स्पष्ट बोलणारी बाई. तिने भिंतीकडे पाहिलं, किटलीकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

“हे तुमी आहा?”

“मीच.”

“काढलं कोनं?”

“तेबी मीच.”

“अन मधात शिवलं कायले?”

तिने किटलीनेच माझ्याकडे दाखवलं. “या मॅडमनं कापलं होतं.”

खोलीत आठ-दहा माणसं होती. सगळी माझ्याकडे वळली. मुलाच्या आईने सरळ विचारलं, “काहून जी, कायले कापलं?”

“फ्रेममध्ये मावत नव्हतं,” मी म्हटलं.

“मंग मोठी फ्रेम आनाची होती ना बाई.”

“हो,” मी म्हटलं. “चुकलं माझं.”

किटलीतून पहिला कप तिने मला ओतून दिला. साखर जास्त टाकलेली होती, मला लागते तेवढी.

ते लग्न जुळलं नाही. मुलाला नोकरीवाली मुलगी हवी होती असं मध्यस्थाने कळवलं, खरं-खोटं कोण जाणे. भाऊ पंधरा दिवस बहिणीशी बोलला नाही. पण चित्र त्याने काढलं नाही. “आता गावभर झालंच हाये,” असं तो मला म्हणाला. खरंच झालं होतं. शेजारणी बघायला येत. कोणी म्हणे पाय मोठा झाला, कोणी म्हणे नाक तिचं नाही. ती खाली बसून वाती वळाव्या तितक्या निवांतपणे सगळं ऐकून घेई. पुतणीचं पुढच्या वर्षी पांढरकवड्याला लग्न झालं. त्या अल्बमात ती मधोमध उभी आहे, डावा हात गुडघ्यावर. फोटोवाल्याने एका पोरीला पुढे सरकवलं होतं, तर भावाने तिचं बखोट धरून बाजूला ओढलं. फोटोत त्याचा तो हात आलेला आहे.

नंतर ती निवृत्त झाली आणि घरीच काढत राहिली. दम लागायचा. शेवटच्या चित्रांत ती बसलेली आहे आणि पाय लांब सोडलेला. ती गेल्याचा निरोप आला तेव्हा तुम्ही शाळेत होता. मी तुमच्या अंगणातल्या बाकावर बसून राहिले, आणि ओमने आल्यावर विचारलं होतं की आजी, तुला थंडी वाजते का. वाजत नव्हती, बाळा. मी काही तरी सांगून टाकलं होतं.

मी परतल्यावर तिच्या भावाकडे गेले आणि सवयीप्रमाणे यादी केली. तिची एकूण नऊ चित्रं आहेत. आशिया आणि युरोप माझ्या कपाटात, डांबराच्या गोळ्या घालून गुंडाळलेले. दोन शाळेच्या नकाशाखोलीत. तीन बसलेली चित्रं भावाच्या पेटीत. एक पुतणीने पांढरकवड्याला नेलं. गेरू फिकट होत चालला आहे, काळा रंग तसाच आहे. दक्षिण अमेरिका भावाच्या समोरच्या खोलीत आहे, दारातून शिरल्याबरोबर दिसते.